सुपाचा कोपरा

त्या दिवशी तलावाच्या पाळीवर कोन-कोन होतं ते पयले सांगून देते, म्हंजे मंग मधात कोनी इचारन नाई का हे कोन. माहा बाबा होता, श्रावन पानकर. तलावाचं पानी बांध्याइले, म्हंजे धानाच्या वावराइले, वाटून देनं हे त्याचं काम. माही माय होती, पन ती पाळीच्या खाली, बकरीसाठी गवत कापत. मोतीराम पटील होता, ज्याच्या बांध्या पाळीले लागून, सगळ्यात पयल्या. लटारू काका होता. डोंगा त्याचा आन तलावातले शिंगाडेही त्याचे. चंद्री होती, माही मैतरीन, घडी-घडी पाळीवर चढे आन मले हातानं बोलावे. आन मी होती, कौशी, बारा-तेरा वर्साची, डोंग्यात उभी, हातात बांबू. एवढेच. यातलं आता कोनी नाई उरलं. मीच उरली, तेही गुडघे सोडून.

आमचं गाव आंबागडाच्या खालच्या अंगाले. सकाळी गडाची सावली तलावावर पडे आन ऊन चढलं का हळूहळू सरकून जाये. घर म्हंजे पाळीच्या पायथ्याशी दोन खोल्या, कुडाच्या भिती, वर कवेलू. उन्हाळ्यात बी जमीन थंडी राहे, पाळीतून ओल येत होती म्हनून. कानात काय-काय हाय अजून, सांगते. तुडूम म्हनतो आमी त्याले, पाळीच्या पोटातलं पानी सोडाचं दगडाचं भोक. त्याचा दट्ट्या वर उचलला का पानी गुडगुड-गुडगुड करत निंगे. रांजनातून कोनी पानी पेऊन राहिलं असं वाटे. सारसाची जोडी होती तलावावर, तिचा आवाज गावाच्या त्या टोकाले ऐकू जाये. आन मायचं सूप. सकाळी डोळा उघडाच्या आंधी सुपाचा फटफट आवाज. त्यावरून मले समजे का आज तांदूळ हाय का कनीच हाय. तांदूळ जड पडते, कनी हलकी पडते. सकाळी पेज, दुपारी भात आन लाखोळीची दाळ, पानी आटलं का झिंगे मिळत, ते भाजून माय पाट्यावर चटनी वाटे. त्या चटनीसाठी मी अजून बी शिळा भात राखून ठेवते. झिंगे आता बजारातून आनावं लागते, आन तसे लागत नाई.

बाबाचे डोळे गेले होते. म्हंजे पुरे नाई; मोतीबिंदू. मानूस उभा हाय का झाड हाय एवढं समजे, पन कोन हाय ते आवाजावरून. डागदर भंडाऱ्याले, आन भंडारा तवा आमच्यासाठी लय दूर. म्हनून चवथी झाल्यावर माही शाळा सुटली आन मी बाबाचे डोळे झाली. लोक म्हनत, "आंधळा पानकर, पोट्टी मुकादम." मले राग येये. बाबाले नाई येये. तो म्हने, "बरोबरच हाय नं. खोटं काय म्हनलं?"

पानकराचं काम म्हंजे निसतं तुडूम उघडनं-बुजवनं नाई. पाऊस दसऱ्याच्या आंधीच गेला का भारी धान, म्हंजे उशिरा येनारा, अर्ध्यात अडकते. हलका धान निंगून जाते, भारी धान तवा निसवाले येते, लोंब बाहेर काढाले येते, आन तवाच त्याले एक पानी पाहिजे. एकच पानी, पन तेव्हाच. ते नाई मिळालं तं लोंब येते पन दाना भरत नाई. मंग तलावात किती पानी हाय आन ते किती बांध्याइले पुरन, हे पानकरानं सांगावं लागे. साऱ्या गावानं बसून आयकाचं, आन तो सांगन तसं व्हाचं.

आता तलावातलं पानी मोजाचं कसं? तलाव का पायली हाय, का भरली आन ओतली? बाबाची रीत होती, त्याच्या बापानं शिकवलेली. तुडूमाजवळ एक सागवानाचा खुंट गाडला होता. तिथं बांबू टेकवाचा, खोली घ्याची. हे पयलं. बाबा म्हने, "सारा तलाव एवढाच खोल हाय असं समजलं तं काय होईन?" मी म्हने, "लय जास्त होईन." "हां. मंग पाळीच्या अंगानं जाय." पाळीच्या अंगानं सहा जागी बांबू टेकवाचा, किती उथळ होत गेलं ते पाहाचं. मंग खुंटापासून रानाच्या अंगानं सहा जागी. आता तलावाचा तळ छपरासारखा समजाचा, दोन्हीकडं उतरता. हे दुसरं. पन तळ का छपरासारखा सपाट रायते? पाळीच्या अंगानं जाताना खोली पयले हळू कमी होये, मंग झपाझप. अर्ध्या वाटेवर अर्धा हात, आन टोकाले दोन हात. म्हंजे उतार बी बदलते. तो बदल किती ते धराचं. हे तिसरं. प्रत्येक खेपेले हिसोब खऱ्याच्या थोडा जवळ जाये. पुरा खरा कधीच नाई होये. बाबा म्हने, "पुरा खरा कराचा असन तं तलाव आटू द्याव लागन. मंग हिसोब कायले पाहिजे?"

आन एक गोष्ट होती, ते त्यानं मले मायचं सूप घेऊन शिकवली. आंगनात बसला, सूप मांडीवर घेतलं, आन माहं बोट धरून सुपावर फिरवलं. "हे पाय, मधात सपाट. मांगं नेलं तं वर चढलं. बाजूले नेलं तं बी वर चढलं. आता कोपऱ्यात ने." मी नेलं. सुपाच्या मांगच्या कोपऱ्याले दोन्ही वाक एका ठिकानी येते, बांबूच्या पट्ट्या तिथं आवळून बांधल्या असते. "किती चढलं? मांगचं आन बाजूचं मिळून जेवढं होते तेवढंच का?" मी पुन्हा बोट फिरवलं. नाई. जास्त होतं. दोन्ही मिळवूनही वर काईतरी उरत होतं. बाबा म्हने, "हे कोपऱ्याचं. हे ना मांगच्याचं ना बाजूच्याचं. दोन्हीकडं संगं-संगं गेल्याशिवाय हे दिसतच नाई. म्हनून कोपऱ्यात जाऊनच बांबू टेकवाव लागते, घरी बसून बेरीज करून जमत नाई." माय आतून ओरडली, "माहं सूप तोडसान बापलेकी! दाने का तुमचा तलाव पाखडन?"

खुंट सोडून सोळा जागा होत्या साऱ्या. सहा पाळीच्या अंगानं, सहा रानाच्या अंगानं, चार कोपऱ्याच्या. मी डोंग्यातून आकडा ओरडाचा, बाबानं पाळीवर बसून सूप उलटं ठेवून त्यावर चिंचोके मांडाचे. आन शेवटी तो दोन गोष्टी सांगे. एक, किती बांध्या भिजन. दुसरी, चूक किती होईन. ह्या दुसऱ्या गोष्टीवर लोक हासत. मोतीराम पटील म्हने, "अरे श्रावन, चूक होनार हे मालूम हाय तं सुधारून काहून नाई सांगत गा?" बाबा म्हने, "चूक कुठं हाय ते मालूम असतं तं सुधारली असती पटील. किती मोठी असू शकते तेवढंच मालूम हाय. तेवढंच सांगतो."

हे मी आता काहून सांगून राहिली? माही नात प्रणाली हाय, ती भंडाऱ्याले कालेजात जाते, सकाळच्या यश्टीनं. मांगच्या महिन्यात आली ते तोंड पाडून. परीक्षेत दोन गुन कापले म्हने. मी म्हटलं, दाखव काय चुकलं. हासली ते. "आजी, तुले काय समजन? दोन चलाचं हाय, यक्स आन वाय. कठीन फलन असते, ते एका जागेजवळ सोप्या बहुपदीनं लिहाचं असते. पयले त्या जागेची किंमत. मंग दोन्हीकडचा उतार. मंग दोन्हीकडचा वाक. आन शेवटी जे उरते, ते किती मोठं असू शकते त्याले मर्यादा लावाची." मी बोटावर मोजत गेली. मंग इचारलं, "आन कोपऱ्याचं?" "कोपऱ्याचं काय?" "दोन्हीकडं संगं गेल्यावर जे वर उरते ते." प्रणालीनं वही उघडली, पाहलं, आन माह्याकडं पाहातच राहिली. तेच पद ती विसरली होती. यक्स-वायचं, दोन्हीचं मिळून जे येते ते. मी म्हटलं, "तुहे दोन गुन गेले बाई. माही दीड बांधी गेली होती." तवा ती म्हने, आजी तू सांग, मी लिहिते. म्हनून हे. मी बोलते तसंच लिहाचं, असं तिले ताकीद देली हाय. सुधारशीन तं मी पुढं नाई सांगनार.

आता त्या दिवसाचं.

भुलाबाईचे दिवस होते, पोरी घरोघरी गानी म्हनत फिरत ते. पाऊस गेला तो गेलाच होता. वर निरं निळं आभाय, आन खाली भारी धान पोटात लोंब धरून उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर बैठक होती. भारी धानाच्या अडतीस बांध्या होत्या तलावाखाली. पटलाचं म्हननं होतं का, पानी साऱ्याइले पुरत नसन तं खालच्या बारा बांध्या सोडून द्या, आन वरच्या सव्वीस बांध्याइले दोन पानी भरपूर देऊन टाका. अर्धं-अर्धं सगळ्याइचं मरन्यापक्षा अर्ध्याइचं पुरं जगन. हे काई पुरं चुकीचं नव्हतं. पन खालच्या बारा बांध्या म्हंजे पाच घरं. त्याइच्याजवळ दुसरं काई नव्हतं. आन त्या बारामंधी शेवटच्या दोन आमच्या. म्हनून बाबा काय सांगते त्यावर पाच घरांचा वरीसभराचा भात होता.

दुपारी मी डोंगा घेतला. लटारू काका म्हने, "दिवस बुडाच्या आत आनून दे, मले जाळं टाकाचं हाय. आन आयक वो, माह्या शिंगाड्याच्या वेलात नको नेऊ. एक वेल तुटली तं तुह्या बापाच्या धानातून घेईन." शिंगाडे होते ते दक्षिनेच्या कोपऱ्यात. गच्च पसरले होते, पान्यावर पानाले पान लागून. तिथंच रानातला नाला तलावात येते. आन तिथंच त्या कोपऱ्याच्या चार जागा.

पाळीच्या अंगानं सहा झाल्या. बांबू गोट्यावर पडला का टक वाजे, गाळात गेला का फस्स करून आत जाये. मी आकडा ओरडे, बाबा पाळीवरून "हां" म्हने. मंग रानाच्या अंगानं सहा. हात दुखून राहिले होते, बांबू ओला होऊन जड झाला होता, सकाळपासून पेजेवर होती मी. आन चंद्री पाळीवर उभी. "कौशे, ये नं वो! आज माह्या घरी हाय. खाऊ झाकून ठेवला मायनं. तू नाई आली तं मी कोनाले ओळखाले लावू?" भुलाबाईत असं असते, गानी म्हनून झाली का डब्यात झाकलेला खाऊ निसता हलवून, आवाजावरून ओळखाचा. मी त्यात पक्की होती. फुटाने का मुरमुरे, खोबरं का गूळ, मले डब्बा एकदा हलवला का समजे. गावातल्या पोरी माह्यावर जळत.

डोंगा कोपऱ्याकडं वळवला. शिंगाड्याची पानं डोंग्याले लागली, खसखस आवाज आला, एक वेल ताटली. मी थांबली. लटारू काकाची शिवी कानात, चंद्रीचा हात डोळ्यासमोर, दिवस बुडाले चालला. आन मले हिसोब तं येतच होता. खुंटापाशी आठ हात. पाळीच्या टोकाले दोन हात कमी, म्हंजे सहा. रानाच्या टोकाले तीन हात कमी, म्हंजे पाच. कोपऱ्यात दोन्ही कमी करा: आठातून दोन गेले, तीन गेले. तीन हात. मी डोंगा तसाच उभा ठेवला आन ओरडली, "तीन हात!" बाबा लगेच "हां" म्हनला नाई. जरा थांबून म्हनला, "हां." मंग बाकीच्या तिन्ही जागेचे आकडे मी असेच बेरीज-वजाबाकी करून ओरडली. चारी खेपेले त्यानं जरा थांबून "हां" म्हटलं. मी म्हटलं, म्हतारा चिंचोके शोधून राहिला असन.

डोंगा लटारू काकाले देला आन पळत गेली. त्या दिवशी डब्यात मोहाचे लाडू होते, आन मले ओळखू नाई आले. पयल्यांदा. पोरी लय हासल्या.

सकाळी पाळीवर सारे जमले. बाबानं उलट्या सुपावर हात ठेवला, जसा काई त्याले अजून चिंचोके दिसून राहिले. म्हनला, "अडतीस भिजन. साऱ्या. चूक होईन तं दोन बांधीची."

दरवर्सी तो एक बांधीची चूक सांगे. मी त्याच्याकडं पाहलं. त्यानं नाई पाहलं.

पटील म्हनला, "पुरते म्हनतं. पुरनच नं? तुह्या दोन बांध्या शेवटी हायेत श्रावन. बारा सोडल्या तं तुह्या बी जाते. म्हनून तं 'पुरते' म्हनून राहिला नाई ना तू?"

खालच्या घरचे मानसं खाली पाहून राहिले. आता आमच्या तलावाचा एक रिवाज होता, ते सांगाव लागते. पानकराले मजुरी नव्हती. धान निंगल्यावर हरेक घरून थोडा धान, आन पान्यात पयला हक्क. तुडूम उघडलं का सगळ्याइची तोंडं बुजवून पयलं पानी पानकराच्या बांधीत सोडाचं, कुठं बी असो. आज्याच्या आज्यापासून.

बाबा म्हनला, "पटील, ह्या वर्सी माहं पयलं पानी नको. माह्या दोन बांध्या सगळ्यात मांगं ठेवा. छत्तीस भिजल्यावर उरन ते माहं. दोन बांधीची चूक म्हटलं नं मी? चूक निंगाली तं माह्याच घरी जाईन, दुसऱ्याच्या नाई. आता सांगा, पानी पुरते का?"

पटलानं मिशी चावली. मंग म्हनला, "पुरते बा. काढ दट्ट्या."

माय पाळीच्या खाली उभी होती, गवताचा भारा डोक्यावर. तिनं सारं आयकलं. भारा तसाच घेऊन घरी निंगून गेली. त्या दिवशी तिनं भात रांधला, वाढला, पन बाबासंगं बोलली नाई. दुसऱ्या दिवशी बी नाई. तिसऱ्या दिवशी म्हने, "कौशे, तुह्या बापाले सांग, मीठ सरलं." तिथून बोलनं सुरू झालं.

सहा दिवस पानी चाललं. मी आन बाबा पान्याच्या तोंडासंगं पाटानं चालत होतो. एक बांधी भरली का तोंड बुजवाचं, दुसरी उघडाची. बाबा वाकून हात घाले, चिखल कोपरापर्यंत आला का म्हने, "झालं, पुढं." खालच्या दहा बांध्या भिजल्या. एका घरची म्हतारी बांधीच्या धुऱ्यावर बसून पान्याले निसती पाहात होती, जशी लेक माहेरी आली. छत्तीस झाल्या. मंग आमची पयली. पानी आत आलं, हळूहळू, धानाच्या बुडातून वाट काढत, अर्ध्या बांधीपर्यंत गेलं. आन थांबलं. मी वाट पाहत राहिली. पाटात मांगं पाहलं, पाट ओला होता पन पानी नव्हतं. तुडूमाचं गुडगुड बंद झालं होतं. एवढे दिवस कानात होतं ना, ते बंद झाल्यावर बहिरी झाल्यासारखं वाटलं मले. बाबानं चिखलात हात घातला, उठला, धोतराले पुसला. म्हनला, "दीड बांधी कमी पडलं. दोनच्या आत हाय."

पटील धुऱ्यावर आला होता. म्हनला, "श्रावन, तुही चूक तुह्याच घरी गेली गा." त्यात टोमना नव्हता, खरं सांगते. बाबा म्हनला, "मीच बोलावली होती पटील."

दिवाळीनंतर साऱ्या बांध्या पिवळ्या झाल्या, लोंबा वाकल्या. आमची दीड बांधी उभीच. भरली लोंब वाकते. पोचट लोंब ताठ उभी राहते. दुरून पाहनाऱ्याले वाटे का श्रावनचाच धान सगळ्यात चांगला. मी आन बाबा तनशीसाठी, चाऱ्याले, ते कापाले गेलो. बाबा हातानं चाचपून कापे, मी मांगं पेंढ्या बांधे. कापता-कापता माहा हात थांबला. मी म्हटलं, "बाबा, मी कोपऱ्यात बांबू टेकवला नव्हता."

तो कापतच राहिला. म्हनला, "मले मालूम हाय."

"कसं काय मालूम?"

"सोळा आकडे आले, आन बारा आवाज आले. टक नाई, फस्स नाई. शिंगाड्याचं पान एकदाच वाजलं." मंग इळा खाली ठेवला. "मी रात्री इचार केला. म्हटलं, कोपऱ्यात आपून गेलोच नाई, तं तिथं किती गाळ हाय काय मालूम. लय वाईट काय होईन? पुरा कोपरा कोरडा धरला. एक थेंब नाई. तरी दोनच बांधीचं पानी कमी होत होतं. त्याच्या पलीकडं चूक जाऊच शकत नव्हती. म्हनून दोन म्हटलं."

मी रडाले लागली. "मंग मले परत काहून नाई पाठवलं? सकाळी पाठवाचं होतं."

"डोंगा लटारूनं नेला होता. जाळं टाकून सकाळपर्यंत तो तिकडंच." इळा उचलला, दोन मुठी कापल्या. मंग म्हनला, "आन तू गाऊन राहिली होती. चंद्रीच्या आंगनातून तुहा आवाज पाळीपर्यंत येत होता. बरेच दिवसानं." पुढं काई म्हनला नाई. मले एक शिवी नाई देली, मारलं नाई. मारलं असतं तं बरं झालं असतं, असं मले तवा वाटलं. आता नाई वाटत.

तो हिवाळा लाखोळीवर काढला. हक्काचा धान आला साऱ्या घरून, खालच्या बाकीच्या चार घरच्याइनं जरा जास्तच टाकला, तरी फागुनापर्यंत सरला. माय आन मी बिड्या वळाले बसलो. तेंदूची पानं कापून-कापून बोटं फाटली. मायच्या सुपात धानाऐवजी बिडीचा तंबाकू राहे, त्याचा वास त्या सुपाले जो लागला तो कधी गेला नाई. पुढच्या उन्हाळ्यात माहं लगन झालं, मी सिहोऱ्याले आली. बाबा दोन वर्सांनी गेला. तुडूम मंग दुसऱ्यानं उघडलं. त्याले म्हने हिसोब येत नव्हता, तो निसता "पुरन" म्हने.

मायले मी हे गंज वर्सांनी सांगतलं, ती आजारी होती तवा. म्हटलं, त्या वर्सी चूक माही होती, बाबाची नाई. मायनं आढ्याकडं पाहलं. मंग म्हने, "आता मले सांगून का पानी परत येईन? चहा मांड, अद्रक टाक जरासं."

माह्या आयुष्यात दुःखं मंग याच्यापक्षा मोठी आली. नवरा गेला, एक लेक गेली, घर एकदा पुरात पडलं. ते सारं मी विसरली नाई, पन ते मले टोचत बी नाई. हे टोचते. काहून टोचते ते प्रणालीनं इचारलं. मी म्हटलं, बाकीच्या गोष्टीत माह्या हाती बांबू नव्हता. इथं होता.

त्या कोपऱ्यात खरं किती पानी होतं, हे मले आजपर्यंत मालूम नाई. मी तीन हात ओरडली होती. बाबानं सुन्न, म्हंजे काईच नाई, धरलं होतं. खरं मधात कुठंतरी होतं. लगन झाल्यावर माहेरी गेली तं पाळीवर गेली, पन डोंग्यात बसली नाई. आता तं पाळ बी चढता येत नाई.

म्हनून जो कोनी हे वाचन, त्याले एकच मांगनं हाय. आंबागडाकडं कधी आला तं आमच्या तलावावर जा. भुलाबाईच्या दिवसात जा, तवाच तेवढं पानी असते. दक्षिनेच्या कोपऱ्यात, नाला येते तिथं, डोंगा आत न्या. वेल तुटली तं तुटू द्या. बांबू सरळ टेकवा, आवाज आयका, आन मले सांगा किती हात हाय. थोडं कमी-जास्त झालं तं चालन. निसतं किती कमी-जास्त असन, तेवढं संगं सांगजा.